बंब येईपर्यंत : ठाणे आणि नवी मुंबईत आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च संपत आला की माझा फोन वाजायला लागतो. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह. शाळा, सोसायट्या, ज्येष्ठ नागरिक संघ, सगळ्यांना त्या आठवड्यात कुणीतरी बोलायला हवं असतं. मी अग्निशमन दलात कधीच नोकरीला नव्हतो. नागरी संरक्षणाचं प्रशिक्षण घेतलेला साधा वॉर्डन, म्हणजे संकटात वस्तीच्या मदतीला धावणारा स्वयंसेवक (प्रश्न ६), आणि जुन्या गोष्टी गोळा करायची खोड, एवढंच भांडवल. बोलून घरी आलो की तेच ते प्रश्न व्हॉट्सॲपवर येतात. दर वर्षी नव्याने टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून ठेवतो आहे. तेच दळण पुन्हा दळायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ठाण्यात कधी स्वयंसेवी अग्निशमन दल होतं का हो?

परदेशी सिनेमात दिसतं तसं, म्हणजे घंटा वाजली की गावातला पाववाला, मास्तर आणि सुतार हेल्मेट चढवून धावतात, त्या साच्याचं दल आपल्याकडे रुजलं नाही. का रुजलं नाही ते प्रश्न १० मध्ये आहे.

पण बिनपगारी आगीवर धावून जाणारी माणसं इथे कायम होती. मला ती चार ठिकाणी भेटली: जुन्या गावांत (प्रश्न ३), युद्धकाळातल्या पथकांत (प्रश्न ६), ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत (प्रश्न ८ आणि ९) आणि उन्हाळ्यात डोंगरावर (प्रश्न ११). पगारी दलाचा इतिहास अहवालांत आणि कोनशिलांवर सापडतो. या लोकांचा सापडतो तो कुणाच्या तरी माळ्यावर, गोल बुडाच्या लाल बादलीत. बुड गोल का, हे मुलं हमखास विचारतात. ती बादली जमिनीवर उभी राहत नाही, त्यामुळे कुणी धुणंभांड्यासाठी पळवत नाही. ती आपली हुकावरच टांगलेली राहते.

२. ‘बंब’ हा शब्द कुठला? पाणी तापवायचा बंब आणि आगीचा बंब एकच का?

मूळ एकच, पोर्तुगीज ‘बोंबा’, म्हणजे पंप. आपली ‘बादली’ही त्याच भाषेतली. आग विझवायची दोन मुख्य साधनं आणि दोन्हींची नावं फिरंग्यांची, ही गंमत ठाणेकरांना विशेष आवडावी, कारण १७३७ मध्ये मराठ्यांनी घेईपर्यंत ठाणं पोर्तुगीजांकडेच होतं. अर्थात हे शब्द ठाण्यातच मराठीत आले असं मी म्हणत नाही. सगळ्या किनारपट्टीवर त्यांचा वावर होता.

घरातल्या तांब्याच्या बंबाच्या पोटात विस्तव आणि भोवती पाणी. आगीच्या बंबाच्या पोटात पाणी आणि भोवती विस्तव. आमच्या आजीने केलेली ही फोड मला अजून कुठल्या कोशात सापडलेली नाही.

३. बंब नव्हता तेव्हा आग लागली की लोक काय करायचे?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण ‘बादल्यांनी पाणी मारायचे’ हे उत्तर अर्धंच आहे.

जुन्या ठाण्यातली आणि खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांतली घरं डोळ्यांसमोर आणा. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर गवताचं किंवा पेंढ्याचं छप्पर, बरी परिस्थिती असेल तर कौलं आणि खाली सागाचे वासे. अंगणात भाताची उडवी, गोठ्यात पेंढा. होळीपासून पहिल्या पावसापर्यंत हा सगळा सरपणाचा ढीगच. अशा वेळी पेटलेलं घर वाचवायच्या नादाला कुणी लागत नसे. ते गेलंच असं धरून वाऱ्याच्या दिशेचं पुढचं घर धरायचं. दोघं-तिघं त्या छपरावर चढत, कोयत्याने दोर कापून पेंढा खाली ओढत, आकडी बांधलेल्या बांबूने वासे पाडत. म्हणजे आग विझवणाऱ्यांचं पहिलं काम धडधाकट घर मोडायचं! ते कुणाचं मोडायचं यावरून पुढे वर्षानुवर्षं बोलणं बंद झालेली घरं असतात.

त्याआधी गोठा. जनावर सोडत बसायला वेळ नसतो, दावं कापायचं. विळा हाताशी लागतो तो यासाठी.

मग पाणी. विहिरीपासून माणसांची रांग, भरलेले हंडे-कळशा एका बाजूने पुढे, रिकामे दुसऱ्या बाजूने मागे. विहिरीवर रहाट ओढायला बहुधा बायका, कारण रोजचा सराव त्यांचाच. ठाणे शहरात तलाव जवळ: मासुंदा, सिद्धेश्वर, कचराळी. तलावांचं शहर म्हणून आपण मिरवतो, त्या तलावांचं एक काम हेही होतं. खाडीकाठच्या गावांची गोष्ट वेगळी. भरतीला दारात पाणी आणि ओहोटीला नुसता चिखल. मग चिखलच वापरायचा. ओलं गोणपाट चिखलात बुडवून शेजारच्या छपरावर अंथरलं की ठिणगी पडून विझते. कोळीवाड्यात पहिली धाव जाळ्यांकडे, कारण घर पुन्हा बांधता येतं, पण जाळी गेली तर हंगाम गेला.

पथक नव्हतं, नायक नव्हता, पण कुणी काय करायचं हे ठरलेलं होतं. मला विचाराल तर आजच्या बहुतेक टॉवरांपेक्षा त्या गावांची तयारी चांगली होती.

४. मुंबईत तर जुन्या काळापासून बंब होता. तो ठाण्याला येत नसे का?

मुंबईचा अनुभव कडू होता. १७ फेब्रुवारी १८०३ ला कोटात, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, मोठी आग लागून वस्तीचा मोठा भाग खाक झाला. १८५५ मध्ये पोलिसांच्या हाताखाली अर्धवेळ दल सुरू झालं आणि १ एप्रिल १८८७ पासून ते महापालिकेकडे पूर्णवेळ आलं. गाड्या घोड्यांच्या.

आता हिशेब करा. भायखळ्याहून ठाणं साधारण ३० किलोमीटर. घोडे जुंपून निघालेली गाडी पोहोचेपर्यंत इथे राख सावडायची वेळ. १८५३ पासून रेल्वे होती, पण आग वेळापत्रक बघून लागत नाही. तेव्हा ठाण्याची भिस्त ठाण्यावरच होती. नगरपालिका १८६३ ची. आग विझवणं आणि आगीत जीवित-मालमत्ता राखणं हे इंग्रजी अमदानीतल्या नगरपालिका कायद्यांपासून स्थानिक संस्थेच्या कर्तव्यांत धरलेलं आहे. १९६५ च्या राज्याच्या नगरपालिका कायद्यातही ते आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली, तिच्या यादीत अग्निशमन सेवा सातव्या क्रमांकावर आहे. म्हणजे कागदावर जबाबदारी कायम पालिकेची, आणि पालिकेचा माणूस पोहोचेपर्यंत शेजाऱ्याची. १ ऑक्टोबर १९८२ ला ठाण्याची महापालिका झाली, आजूबाजूची गावं आत आली, आणि पुढे जवाहरबाग, पाचपाखाडी, बाळकूम, वागळे इस्टेट, मुंब्रा अशी केंद्रांची नावं लोकांच्या तोंडी रुळली.

५. अग्निशमन दिन १४ एप्रिललाच का?

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं जहाज उभं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, त्याच्याच सोबत कापसाच्या हजारो गासड्या आणि सोन्याच्या विटा. युद्धाची घाई होती, नाहीतर दारूगोळा आणि कापूस एका जहाजात कुणी भरत नाही. दुपारी कापसातून धूर दिसला, बंब आले, जवान जहाजावर चढून पाणी मारू लागले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. पेटत्या गासड्या उडून गोदामांवर आणि वस्तीवर पडल्या. एकूण बळींचा आकडा ८०० च्या पुढे धरतात. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले, आणि राडारोडा उपसायला ८,००० माणसं सात महिने राबली.

‘ठाण्यात आवाज आला होता का?’ असं मुलं विचारतात. स्फोट ८० किलोमीटरपर्यंत ऐकू गेला असं सांगतात. ठाणं त्याच्या निम्म्याहूनही जवळ आहे.

त्याच तारखेला आंबेडकर जयंती असते. त्यामुळे दलातली माणसं आपल्याच दिवशी सकाळी मानवंदना देतात आणि दुपारपासून मिरवणुकीच्या बंदोबस्ताला उभी असतात. शाळेतलं भाषण मी म्हणून १५ तारखेनंतरचं घेतो.

६. आजोबा ‘एआरपी’त होते म्हणतात. ते म्हणजेच होमगार्ड का?

नाही, पण नातं जवळचं. घरोघरी हा गोंधळ आहे.

एआरपी, म्हणजे ‘एअर रेड प्रिकॉशन्स’, दुसऱ्या महायुद्धातली. जपानी विमानं येतील या धास्तीने नागरिकांतून वॉर्डन नेमले. दिवे झाकले आहेत का बघायचं, भोंगा झाला की लोकांना आडोशाला न्यायचं, आणि आगलावे बॉम्ब पडले तर विझवायचे. त्याला जोडूनच पूरक अग्निशमन सेवा होती. आपल्या भागातलं ‘स्वयंसेवी अग्निशमन दल’ या शब्दाच्या सगळ्यात जवळ जाणारं काही असेल तर ते हे.

होमगार्ड ६ डिसेंबर १९४६ ला मुंबईत सुरू झाले, दंगलींच्या काळात, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना. त्यांचं मुख्य काम पोलिसांना हातभार.

नागरी संरक्षण दल म्हणजे एआरपीचा खरा वारस. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर त्याची नव्याने बांधणी झाली, १९६८ मध्ये कायदा आला. त्याच्या १२ सेवांपैकी एक अग्निशमनाची. १९७१ चा ब्लॅकआऊट आठवणारी माणसं ठाण्यात अजून आहेत: खिडकीला काळे कागद, मोटारींच्या दिव्यांना काळा रंग, आणि खालून वॉर्डनची हाक, ‘तिसरा मजला, दिवा!’ ७ मे २०२५ ला देशभर मॉक ड्रिल झाली तेव्हा अनेक तरुणांना हे दल अस्तित्वात आहे हेच पहिल्यांदा कळलं.

आजोबांच्या बिल्ल्यावर काय लिहिलंय ते बघा. बिल्ला जपण्याबद्दल प्रश्न १७.

७. तुम्ही भाषणात पायाने दाबायचा पंप दाखवता, ते काय असतं?

स्टिरप पंप. हातपंपच तो, पण त्याला रिकिबीसारखा पाय ठेवायचा आकडा असतो, म्हणून ते नाव. पंपाचं टोक पाण्याच्या बादलीत, आकड्यावर पाय, आणि दांडा वरखाली. बारीक नळीतून साधारण ३० फुटांपर्यंत धार जाते. एकाने नळी धरून आगीकडे सरपटत जायचं, दुसऱ्याने पंप मारायचा, तिसऱ्याने बादल्या भरत राहायचं. नागरी संरक्षणाच्या ‘गृह अग्निशमन पथका’चं हे मुख्य हत्यार.

प्रशिक्षणात मला पंपावर उभं केलं होतं. पाचव्या मिनिटाला मांड्या भरून आल्या आणि नळीवाला ओरडला, ‘धार पडली!’ शिकवणाऱ्यांनी शांतपणे सांगितलं, ‘बदली माणूस आधी ठरवायचा, दमल्यावर नाही.’ बाकीचा अभ्यासक्रम पुष्कळसा विसरलो, हे विसरलो नाही.

८. नवी मुंबई तर कालपरवाचं शहर. तिथे आगीचा कसला इतिहास?

नवी मुंबईत शहराच्या आधी कारखाने आले. एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली १ ऑगस्ट १९६२ ला. ठाण्यातली वागळे इस्टेट आणि खाडीपलीकडचा ठाणे-बेलापूर पट्टा वाढला तो साठच्या दशकात. नवी मुंबई वसवणारी सिडको आली १७ मार्च १९७० ला. महापालिकेचा कारभार सुरू झाला १ जानेवारी १९९२ पासून. म्हणजे रसायनांच्या टाक्या आधी आणि पालिका पुष्कळ नंतर. रबाळे, पावणे, तुर्भे, घणसोलीच्या बाजूला भोंगा झाला की आग आधी विझवायची कारखान्याने स्वतः, मग शेजारच्या कारखान्याने. एमआयडीसीची स्वतःची अग्निशमन केंद्रं आहेत, वाशी-नेरुळ-बेलापूर-ऐरोलीत पालिकेची.

यातून ‘म्युच्युअल एड’ची पद्धत आली. एका कारखान्याकडे फोम, म्हणजे आग विझवायचा फेस, जास्त, दुसऱ्याकडे पाण्याची मोठी टाकी, तिसऱ्याकडे श्वसन-संच. वर्दी, म्हणजे आगीची खबर, गेली की ज्याच्याकडे जे आहे ते घेऊन त्याने यायचं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात ‘मार्ग’ या नावाने, म्हणजे म्युच्युअल एड रिस्पॉन्स ग्रुप म्हणून, हे काम चालतं. बाजारात एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणाऱ्या कंपन्या आगीच्या रात्री एकमेकींना फोमचे डबे पुरवतात. गावातल्या विहिरीवरची रांग ती हीच, फक्त हंड्यांच्या जागी ड्रम आले.

१९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर कायदे कडक झाले. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनी मोठ्या कारखान्यांना आवाराच्या आतला आपत्कालीन आराखडा सक्तीचा केला, आणि आवाराबाहेरचा आराखडा सरकारी यंत्रणेने करायचा ठरला. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचं मुख्यालय सीबीडी बेलापूरला आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. तिचा स्थापना दिवस ४ मार्च, तोच राष्ट्रीय सुरक्षा दिन. त्या आठवड्यात पट्ट्यात भोंगे वाजले तर घाबरू नका, बहुधा सराव असतो. पण ‘बहुधा’वर विसंबून खिडकीत उभं राहून व्हिडिओ काढू नका.

९. कारखान्यातल्या फायर स्क्वॉडला पगार मिळतो. मग ते स्वयंसेवक कसे?

भाषणानंतर एकदा यावर जोरदार वाद झाला होता. प्रश्न रास्त आहे.

मोठ्या कारखान्यात पगारी फायरमन असतात, ते स्वयंसेवक नव्हेत. स्क्वॉड वेगळा. त्यात फिटर, ऑपरेटर, वेल्डर, कॅन्टीनवाला. पगार मिळतो तो मशीन चालवण्याचा. भोंगा झाला की हातातलं टाकून नळी उचलायची, हे वरचं काम. कुठे थोडा भत्ता असतो, कुठे वर्षाला एक स्टीलचा डबा. एका निवृत्त ऑपरेटरने मला डबा दाखवला. त्यावर कंपनीचं नाव कोरलेलं, कंपनी कधीच बंद पडली, आणि आता त्यात पोहे ठेवतात. मी त्यांना स्वयंसेवकांतच मोजतो. तुम्ही नका मोजू.

१०. अमेरिकेत गावोगावी स्वयंसेवी फायरमन असतात. आपल्याला का जमलं नाही?

‘आपल्या लोकांत शिस्त नाही’ हे उत्तर मला सभेत नेहमी ऐकू येतं आणि ते मला पटत नाही. प्रश्न ३ वाचा.

तिकडे बेंजामिन फ्रँकलिन आणि मंडळींनी १७३६ मध्ये फिलाडेल्फियात सभासदांची कंपनी काढली. प्रत्येकाने स्वतःच्या चामडी बादल्या आणि सामान वाहायच्या पिशव्या आणायच्या. वसाहतीत सरकार दूर, लोकांनीच शाळा, वाचनालय, बंब काढले आणि ती सवय टिकली. अमेरिकेत आजही निम्म्याहून जास्त अग्निशामक बिनपगारी आहेत. चिलीत तर जवळजवळ सगळेच स्वयंसेवक, १८५१ मध्ये वालपराइसो बंदरात सुरुवात झाली तेव्हापासून.

आपल्याकडे कायद्याने हे काम नगरपालिकेच्या गळ्यात घातलं (प्रश्न ४), पंपही पालिकेचा आणि किल्लीही पालिकेची. लोकांनी मदत करायची ती पालिकेच्या माणसाच्या हुकमाखाली. शिवाय रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाने दुपारी काम टाकून आगीवर जायचं, जखमी झाला तर दवाखान्याचं बिल कुणी भरायचं? तिकडे त्यासाठी विमा आणि निवृत्तीनंतरच्या सवलती हळूहळू उभ्या राहिल्या. नुसत्या उत्साहावर दल टिकत नाही, तिकडेही टिकलं नाही.

११. येऊरला, खारघरच्या डोंगरावर आग विझवायला जाणारी मुलं कोण?

वणवा विझवणारे. आपल्या परिसरात जिवंत असलेली शुद्ध स्वयंसेवी परंपरा ही एकच. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, आणि जंगलाचा मालक वनविभाग. उन्हाळ्याआधी वनविभाग जाळरेषा काढतो, म्हणजे ठरावीक रुंदीचा पट्टा आधीच जाळून किंवा साफ करून ठेवतो. वणवा त्या पट्ट्याशी आला की त्याला खायला काही उरत नाही. गावातली छपरं ओढून काढायची त्यातलीच ही युक्ती.

बंब डोंगरावर चढत नाही. तिथे हिरव्या डहाळ्यांनी झोडपायचं, वाऱ्याच्या पाठीकडून. गिर्यारोहक, पाड्यांवरचे लोक आणि वनरक्षक मिळून हे करतात. एकट्याने, सपाता घालून, उताराच्या वरच्या बाजूने कधीही जाऊ नका. आग चढावर माणसापेक्षा वेगाने पळते. आधी वनविभागाला कळवा. आणि सिगारेट पायथ्याशीच विझवा, म्हणजे निम्म्या मोहिमा वाचतील.

१२. हद्दीवर राहतो. कोणाचा बंब येणार?

मुलुंड चेकनाक्याच्या एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला ठाणे. विटावा ठाण्यात, दिघा नवी मुंबईत. घोडबंदर रोडला गायमुखच्या पुढे मिरा-भाईंदर. मोबाइलवरून १०१ लावलात तर फोन शेजारच्या शहराच्या नियंत्रण कक्षात लागू शकतो. म्हणून पहिलं वाक्य शहराचं नाव, मग रस्ता, मग खूण. ‘साईबाबा मंदिराजवळ’ म्हणू नका, प्रत्येक वॉर्डात एक आहे. ११२ वरूनही वर्दी देता येते. गरज पडली तर दलं एकमेकांची मदत मागवतात.

अवघड अपवाद दोन. औद्योगिक पट्ट्यात एमआयडीसीचं दलही येतं, तेव्हा दोन्ही गाड्या दिसल्या तर गोंधळू नका. आणि रेल्वे रुळांजवळ आग असेल तर डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. वीज बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय जवान पाणी मारत नाहीत. लोक खालून ओरडतात, ‘उभे काय राहिलात?’ ते उभे असतात ते यासाठी.

१३. फायर ब्रिगेड फक्त आगच विझवते का?

पडलेली झाडं, लिफ्टमध्ये अडकलेली माणसं, संक्रांतीला मांज्यात अडकलेले पक्षी, खाडीत बुडालेले, कोसळलेल्या इमारती. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ इमारत कोसळून ७४ जण गेले, तेव्हाही ढिगाऱ्यावर हेच लोक होते.

१४. मला स्वयंसेवक व्हायचंय. कुठे जाऊ? ‘अग्निवीर’मध्ये भरती होऊ का?

अग्निवीर ही २०२२ पासूनची सैन्यभरतीची योजना आहे, तिचा आगीशी संबंध नाही. हसू नका, दर वर्षी दोन-तीन जण विचारतात.

वय १८ पूर्ण असेल तर नागरी संरक्षण दलाच्या कार्यालयात जा. दुसरा रस्ता ‘आपदा मित्र’, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणामार्फत. त्यात १२ दिवसांचं प्रशिक्षण असतं. नोकरीच करायची असेल तर सांताक्रूझला विद्यानगरीत राज्याच्या अग्निशमन सेवेचं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि अधिकारी व्हायचं तर नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय.

१५. आमच्या टॉवरचं स्वतःचं पथक काढू का? सायरन आणि लाल दिवा लावला तर?

पथक जरूर काढा. सायरन आणि लाल दिवा विसरा, खासगी गाडीला परवानगी नाही. गणवेशाचाही सोस नको, दलासारखा दिसणारा तर नकोच. आगीत लोक तुमच्याकडे अधिकारी समजून धावतील आणि तुम्हाला जिना कुठला बंद आहे तेही माहीत नसेल.

आठ-दहा जण पुरेत, पण दिवसा घरी असणारे घ्या. बहुतेक सोसायट्या आयटीवाल्या तरुणांची यादी करतात आणि दुपारी तीनला इमारतीत असतात आजी, मोलकरीण आणि वॉचमन. पथक त्यांचंच हवं. प्रत्येक मजल्यावर अंथरुणाला खिळलेलं कोण आहे, याची यादी गेटवर ठेवा. बाकी काही केलं नाहीत तरी एवढं करा.

‘फॉर्म बी भरतो, मग पथक कशाला?’ असं सेक्रेटरी विचारतात. २००६ च्या राज्य कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत आहे असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं, तो फॉर्म बी. जबाबदारी मालकाची किंवा वापरणाऱ्याची. पण फॉर्म पाणी मारत नाही. आमच्याच ओळखीच्या एका इमारतीत कागद चोख होते आणि होज बॉक्समध्ये, म्हणजे आगीच्या नळीच्या पेटीत, कुणीतरी क्रिकेटच्या बॅटी ठेवल्या होत्या.

१६. बंब येईपर्यंत आम्ही नळी उघडायची की थांबायचं?

आधी वर्दी द्या, मग मेन स्विच बंद, मग बाकीचं. आग कचऱ्याच्या डब्याएवढी असेल आणि पाठीमागे बाहेर पडायची वाट मोकळी असेल तरच हात घाला. आग विझवायचा लहान सिलिंडर १५-२० सेकंदांत संपतो, म्हणून ज्वाळेवर नाही, बुडाशी मारा. होज रील, म्हणजे भिंतीवरची गुंडाळलेली रबरी नळी, एकटा माणूस वापरू शकतो. हायड्रंटची, म्हणजे आगीसाठीच्या मोठ्या दाबाच्या नळाची, कापडी नळी एकट्याने धरू नका, दाबाने ती माणसाला आपटते. दोघं-तिघं हवेत आणि आधी सराव हवा.

धूर डोक्याच्या उंचीला आला की शौर्य संपलं. दार ओढून घ्या, कुलूप लावू नका, आणि जिन्याने खाली. गेटवर एक माणूस बंबाला वाट दाखवायला आणि दुसरा गाड्या हलवायला. नळ्या असतात, पाणी असतं, जवान असतात, आणि मध्ये कुणाची तरी तिरकी लावलेली मोटार असते.

१७. घरी जुना पितळी ब्रांच, एआरपीचा बिल्ला, हेल्मेट आहे. भंगारात द्यायचं का?

ब्रांच म्हणजे नळीच्या तोंडाला लावायची पितळी तोटी. भंगारवाला वजनावर घेईल, देऊ नका. आधी चारही बाजूंनी फोटो काढा. मग घरात जे सगळ्यात वयस्कर असतील त्यांना समोर बसवून मोबाइलवर रेकॉर्ड करा: कुणाचं, कुठल्या गल्लीत, कोणती आग, सोबत कोण. नावं विचारा, पदं नंतर. कागद असतील तर लॅमिनेट करू नका, साध्या कागदी पाकिटात ठेवा. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं आहे, तिथल्या माणसांना दाखवा. जुन्या आगींच्या बातम्या शोधायच्या तर ‘अरुणोदय’ हे १८६६ मध्ये ठाण्यातून निघालेलं साप्ताहिक, आणि गावं-घरं-तलावांच्या वर्णनासाठी १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर.

आणि पितळ पितांबरी लावून चकचकीत करू नका. ब्रांचच्या तोंडाशी बारीक आकडे कोरलेले असतात, ते दोन दिवाळ्यांत पुसले जातात.